एप्रिलचा बर्फ: वसंतातल्या स्कीइंगची रोजनिशी

शुक्रवार

डोंगर उत्तर गोलार्धातला, लिफ्टचा पट्टा 1800 ते 3000 मीटरचा, महिना एप्रिल. खालच्या स्टेशनाशी दुपारी तीन वाजता पारा 11 अंशांवर होता. शेवटच्या उतारावर बर्फाची जेमतेम एक पट्टी उरलेली, दोन्ही बाजूंना पिवळं, दबलेलं गवत. 2400 मीटरच्या वर मात्र अजून भरपूर बर्फ, खडक पूर्ण झाकलेले. अशा वेळी पोचल्या पोचल्या स्की चढवून उरलेले दोन तास वसूल करायचा मोह होतो. हाती फारसं लागत नाही. तीन वाजता बर्फ दिवसातला सगळ्यात जड असतो. ही दुपार सामानाला द्यावी.

पहिलं काम वॅक्सचं, म्हणजे स्की नीट घसरावी म्हणून तिच्या तळाला लावायच्या मेणाचं. जानेवारीत लावलेला निळा किंवा हिरवा वॅक्स थंड, कोरड्या बर्फासाठी कडक केलेला असतो. ओल्या बर्फात स्कीचा बेस (तळ) आणि बर्फाचे दाणे यांच्यामध्ये पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि तो बेसला चोखून धरतो. सपाटीवर स्की अचानक ब्रेक लागल्यागत थांबते आणि अंग पुढे जातं, ते यामुळे. त्यावर दोन इलाज एकत्र करायचे: शून्याच्या वरच्या तापमानासाठीचा मऊ, बहुधा पिवळ्या रंगाचा वॅक्स, आणि बेसवर नेहमीपेक्षा जाडसर, उभ्या खाचा. खाचांमुळे पापुद्रा तुटतो, मध्ये हवा शिरते.

वॅक्स लावण्याआधी बेस पितळी ब्रशने टोकाकडून शेपटीकडे घासायचा. मग मऊ वॅक्सचा एक थर गरम लावून तो कोमट असतानाच खरवडून टाकायचा. खरवडलेला चुरा करडा निघतो, कारण वसंतातल्या बर्फात धूळ, परागकण आणि लिफ्टच्या तारेवरून ठिबकलेलं वंगण असतं आणि ते सगळं बेसमध्ये मुरतं. चुरा स्वच्छ निघेपर्यंत हे करावं. शेवटच्या थराला इस्त्री 120 अंशांच्या आसपास पुरते. वॅक्समधून धूर आला म्हणजे इस्त्री जास्त तापली. ती एका जागी थांबवायची नाही. स्कीची वरची बाजू हाताला कोमट लागली की बास. अर्धा तास गार होऊ द्यायची, अॅक्रिलिकच्या पट्टीने खरवडायची आणि नायलॉनच्या ब्रशने खाचा मोकळ्या करायच्या. शेवटची ही पायरी लोक हमखास गाळतात. मग खाचा वॅक्सने भरलेल्याच राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते. दाणेदार बर्फ बेस खरवडत असल्याने एवढं करूनही वॅक्स दुपारपर्यंत उतरतो. खिशात चोळायच्या वॅक्सची डबी ठेवावी.

पूर्वी ओल्या बर्फासाठी फ्लोरिनयुक्त वॅक्सची चलती होती. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023–24 च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर पूर्ण बंदी घातली. हौशी माणसाचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

स्कीच्या धातूच्या कडांना धार हवीच. दुपारी स्लशमध्ये, म्हणजे पाणी धरलेल्या लगदा बर्फात, धार कुणी विचारत नाही, पण सकाळी आठ वाजता तोच उतार काचेसारखा टणक असतो. बाजूचा कोन 88 किंवा 87 अंशांचा, आणि दगडाला घासून उठलेले बारीक कंगोरे डायमंडच्या फाइलने उतरवलेले. रात्री कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ओल्या स्की पिशवीत बंद करून ठेवल्या तर सकाळी कडांवर तांबूस गंज असतो.

शनिवार

रात्रभर आभाळ निरभ्र. अंदाजात शून्य अंशाची पातळी (जिच्या वर हवा शून्याखाली जाते ती उंची) 2900 मीटरवर दाखवली होती आणि पहाटे सहा वाजता 2300 मीटरवर हवा +2 होती. नुसते हे आकडे पाहिले तर बर्फ गोठलाच नसेल असं वाटावं. प्रत्यक्षात बुटाची टाच आपटूनही खूण उमटत नव्हती. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशात सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतो. हवा कोरडी असली तर बर्फातल्या पाण्याची वाफ होऊन आणखी भर पडते. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात, तर एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2500, आणि त्यातली बरीचशी उष्णता बर्फातूनच ओढली जाते. म्हणून वसंतात हवामानाचा अंदाज उघडला की दुपारचं कमाल तापमान नंतर पाहावं. आधी रात्रीचे ढग, मग दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं ते), मग वारा. दवबिंदू शून्याच्या बराच खाली असेल तर हवा शून्याच्या वर असूनही बर्फ गोठतो.

सकाळी आठला पहिली लिफ्ट. उतार सपाट करणारी यंत्रं, म्हणजे ग्रूमर, आदल्या संध्याकाळी ओल्या बर्फावरून फिरलेले, त्यांनी पाडलेल्या रेघा रात्री तशाच गोठलेल्या. त्यांवरून स्की खडखडत जाते आणि हादरा थेट गुडघ्यात येतो. पहिला तास मधल्या चढणीच्या, सरळ उतारांवर काढावा किंवा सरळ उशिरा यावं. तीव्र उतारावर या वेळी पडलं तर थांबायला काही मिळत नाही, माणूस पायथ्यापर्यंत घसरत जातो. ज्या देशांत मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात तिथे आणखी एक गोम असते. घड्याळ बदलल्यावर आधीच्या आठवड्याच्या वेळा डोक्यात ठेवून निघालं, की आपण उतारावर तासभर लवकर पोचतो.

साडेनऊनंतर पूर्वेकडचे उतार सुटायला लागले. स्की करणारे ज्याला कॉर्न म्हणतात तो हाच बर्फ, आणि वसंताची सगळी मजा त्याच्यात आहे. तो एका रात्रीत होत नाही. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं चक्र अनेक दिवस चाललं की बारीक कण विरघळून मोठ्या कणांना जाऊन मिळतात. हातमोजा काढून चिमूटभर तळव्यावर घेतला तर दोन-तीन मिलिमीटरचे, जाड्या साखरेएवढे गोल दाणे दिसतात, अर्धपारदर्शक, एकमेकांना पुसटसे चिकटलेले. बोटाने ढकलले की सुटे होतात. मुठीत दाबला तर हात ओलसर होतो, पण थेंब पडत नाही. थेंब ठिबकायला लागला की त्या उताराची वेळ संपली.

नेमकी वेळ ओळखायची खूण अशी: वरचा एक ते तीन सेंटिमीटर थर मऊ आणि त्याखाली पोल (हातातली काठी) टेकवला तर टक्क आवाज यावा. अशा बर्फावर कड जरा दाबली तरी धरते, सोडली की लगेच सुटते. वळण अर्ध्यात बदलावंसं वाटलं तरी बदलता येतं. जानेवारीत ज्या तीव्र उतारावर धडधड होते तिथे एप्रिलच्या सकाळी दहा वाजता मध्यम दर्जाचा स्कीअरही मोठी, गोल वळणं घेत उतरतो. ताजा भुसभुशीत बर्फ हिवाळ्यात नशिबावर असतो. कॉर्नची वेळ बऱ्यापैकी आधी सांगता येते. आमच्या मते सलग चार-पाच निरभ्र रात्री मिळाल्या तर असा आठवडा फेब्रुवारीपेक्षा सरस.

ती वेळ टिकते मात्र फार तर अर्धा ते दीड तास, आणि प्रत्येक उताराची वेगळी. पूर्व उतार आधी, मग आग्नेय, दक्षिण, नैऋत्य आणि शेवटी पश्चिम. त्याच दिशेचा तीव्र उतार सपाट उताराआधी मऊ होतो, कारण त्याच्यावर ऊन जास्त सरळ पडतं. झाडं किंवा खडकाचे सुळके यांच्या सावलीतली पट्टी मागे राहते. डोंगराच्या नकाशावर दिशा लिहून घेतल्या तर दिवसाचा क्रम आपोआप तयार होतो: साडेनऊला पूर्व, अकराला दक्षिण, साडेबाराला पश्चिम. उत्तर उतार यात धरायचा नाही. तिथे एप्रिलमध्येही उंचावर थंड, कोरडा बर्फ टिकलेला असू शकतो, नाहीतर खरबरीत कवच असतं.

एक वाजता पश्चिम उतारावर बूट घोट्यापर्यंत बुडायला लागले. दिवस तिथेच संपवला. लिफ्ट साडेचारपर्यंत चालू होती, आणि पास पूर्ण दिवसाचा असल्यामुळे लवकर थांबणं बहुतेकांच्या जिवावर येतं.

रविवार

रात्री अकराला ढग आले आणि सकाळपर्यंत हटले नाहीत. ढगांनी बर्फातून निघालेली उष्णता परत खाली पाठवली, बर्फ गोठलाच नाही. सकाळी आठ वाजताच बूट बुडत होता. वसंतातला सगळ्यात वाईट दिवस हाच. अवघड भाग असा की दिसायला तो शनिवारपेक्षा फारसा वेगळा नसतो, तापमानही जवळपास तेवढंच.

दिवसभर स्लश. अशा बर्फात लोक पडतात ती ठिकाणं ठरलेली असतात. एक, सावलीतून उन्हात जाताना: सावलीत स्की पळते, उन्हाच्या रेघेवर एकदम मंदावते आणि धड पुढे झेपावतं. रेघ दिसली की घोटे थोडे जास्त वाकवावेत, एक स्की किंचित पुढे ठेवावी. दुसरी जागा म्हणजे उताराच्या बाजूला सरकवून साठलेले ढिगारे. बाहेरच्या पायावर सगळा भार देऊन तीक्ष्ण वळण घेतलं तर ती स्की ढिगाऱ्यात रुतते आणि आतली पुढे निघून जाते. स्लशमध्ये दोन्ही पायांवर जवळपास सारखा भार, पाय जरा जवळ, वळण लांबट आणि गोल. कडेवर एकदम चढायचं नाही. वेग फार कमी केला तर स्की वळतच नाही, म्हणून थोडा वेग ठेवावाच लागतो. सपाट रस्ता दिसत असेल तर वरूनच सरळ निघावं. मधे थांबलं की पोलने ढकलत जायची पाळी येते.

गुडघ्याचा धोका इथे हिवाळ्यापेक्षा निराळा असतो. पडणं हळू होतं, पण स्की जड बर्फात अडकून वळते आणि वर शरीर दुसरीकडे वळतं. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग ठरलेल्या जोराला सुटतं. हळू पिळवटण्यात तो जोर वेळेत येईलच असं नाही. पडायला लागलं की उठून सावरायची झटापट करू नये, बाजूला बसून घ्यावं. आणि बाइंडिंग वारंवार सुटतं म्हणून तो जोर ठरवणारा त्याचा आकडा स्वतःच वाढवू नये. आधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडून पाहावा, बरेचदा कारण तेच निघतं.

उन्हात बुटाचं प्लास्टिकही मऊ पडतं. सकाळी बरोबर वाटणारा बूट दुपारी सैल लागतो. बकल एक घर पुढे घ्यावं. उलट सकाळच्या गारठ्यात तोच बूट घालायला अवघड जातो, तेव्हा रात्री बूट गाडीत ठेवायचे नाहीत.

बाजूच्या उतारावर शर्यत होती आणि आयोजक बर्फावर मीठ फेकत होते. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, थोडा बर्फ वितळतो, पण त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या बर्फातून घेतली जाते आणि खालचा थर गोठून टणक होतो. बर्फात ओल असेल तरच हे जमतं, आणि परिणाम काही तासांचाच.

ढग होते म्हणून बऱ्याच जणांनी क्रीम लावलं नाही. संध्याकाळी त्यांचे चेहरे सांगत होते. दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानांमागे भाजतं. एसपीएफ 50, दर दोन तासांनी, आणि ओठांसाठी वेगळं. चष्मा तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडणारा. उंच हिमनदीवर चौथ्या श्रेणीचा. चौथ्या श्रेणीचा चष्मा लावून गाडी चालवायची नसते. बर्फाने डोळे भाजले तर ते लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

कपड्यांत लोक दुसऱ्या टोकाला जातात. बाह्या नसलेला शर्ट आणि उघडे हात फोटोत छान दिसतात. पण दाणेदार बर्फावर घसरलं की कोपरापासून मनगटापर्यंत साल निघते. पातळ पूर्ण बाहीचा शर्ट, पातळ हातमोजे आणि बाजूला चेन असलेली जलरोधक पँट. ती पँट बर्फापेक्षा चेअरलिफ्टच्या ओल्या बाकासाठी लागते.

सोमवार

रात्री उशिरा पारा उतरला आणि सकाळपर्यंत 15 सेंटिमीटर ताजा बर्फ पडला. आठ ते साडेनऊ हिवाळा परत आला होता. दहाला ढग फाटले, ऊन पडलं आणि ताजा बर्फ शून्य अंशावर आला. स्कीला सगळ्यात जास्त चिकटणारा बर्फ हाच. जुना ओला कॉर्न त्यापुढे पुष्कळ बरा. बेसखाली गोळे धरले की चालत राहून उपयोग नाही. स्की काढून खरवडायची, पुसायची, चोळवॅक्स लावायचा.

अकराच्या सुमारास खडकांखालून बर्फाचे गोळे सुटून उतारावर गरगरत खाली यायला लागले, मागे चाकासारखी रेघ सोडत. हा इशारा आहे. गोळे आधी टेनिसच्या चेंडूएवढे असतात, मग एखादा वाटेत बर्फ गोळा करत पंख्यासारखा पसरतो आणि ओलं हिमस्खलन होतं. ते कोरड्या हिमस्खलनापेक्षा हळू वाहतं, पण ओला बर्फ जड असतो आणि थांबला की घट्ट बसतो. हिमस्खलनाच्या धोक्याच्या श्रेणी 1 ते 5 असतात. वसंतात अनेक ठिकाणची पत्रकं सकाळ आणि दुपार यांची वेगवेगळी श्रेणी देतात. सकाळचा 2 वाचून दुपारी बाहेर पडणं हा नेहमीचा घोटाळा. उघड्या, आखलेल्या उतारांची काळजी गस्ती पथक घेतं. दोरीपलीकडे ती जबाबदारी आपली.

मंगळवार

पुन्हा निरभ्र रात्र, आणि दिवस लिफ्टशिवायच्या चढाईचा. अशा दिवसाचं गणित उलटं मांडायचं. दक्षिण-आग्नेय उतार साडेदहाला तयार होणार असेल तर माथ्यावर सव्वादहाला पोचायचं. तासाला 300 ते 350 मीटर हा बऱ्या तब्येतीच्या गटाचा वेग, म्हणजे 1000 मीटरला तीन ते साडेतीन तास. त्यात थांबे धरून निघायचं साडेसहाला. आल्प्समधल्या शामोनी ते झरमॅट या ओत रूट नावाच्या वाटेवर एप्रिलमध्ये लोक अंधारात हेडलॅम्प लावून निघतात ते याच हिशेबाने.

चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायची केसाळ पट्टी, म्हणजे स्किन, पहाटे कडक बर्फावर धरत नाही, तिरप्या चढात कड घसरते. तेव्हा बाइंडिंगला अडकवायचे दातेरी स्की-क्रॅम्पॉन हवेत आणि ते घसरायला लागण्याआधी, सपाट जागेवर लावायचे. अर्ध्या उतारावर, एका पायावर उभं राहून ते बसत नाहीत. उलट उन्हात स्किन भिजते आणि पुढे सावलीत थंड बर्फ लागला की तिच्यावर जाड ढेकळं धरतात. निघण्याआधी वॅक्सची वडी केसांच्या दिशेने घासून ठेवली तर हे बरंच टळतं. गोंद ओला झाला की स्किन सुटते. उतरताना ती जाकिटाच्या आत ठेवावी.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनवर, टकरमन रेव्हिन या घळीला लिफ्टच नाही. लोक स्की पाठीला बांधून चढतात आणि तिथली गर्दी वसंतातच होते. तिथले धोके मात्र कुठल्याही उंच घळीला लागू आहेत: कड्यावर गोठलेला बर्फ उन्हाने सुटून खाली येतो, ओढ्यावरचा बर्फाचा पूल आतून पोखरलेला असतो, खडक तापून त्याच्याभोवती खोल भेग पडलेली असते. पाण्याचा आवाज खालून येत असेल तर त्या रेषेपासून लांब वळावं. घळीत मधोमध जेवणाचा थांबा घेणारे गट दिसतात. बसायचं तर कडेला, वर लटकता बर्फ नसलेल्या जागी.

आम्ही ठरवलेली परतीची सीमा अकराची होती, माथा आलेला असो वा नसो. उतार पावणेअकराला मिळाला आणि वरचे 600 मीटर अप्रतिम गेले. खालचे 400 मीटर गुडघाभर लगद्यातून. दोन्ही एकाच उतरणीत मिळतात; वरचं तयार होईपर्यंत थांबलं की खालचं उलटून गेलेलं असतं.

बुधवार

खालची लिफ्ट बंद झाली होती, त्यामुळे उतरताना गोंडोला (तारेवरची बंद डब्यांची लिफ्ट). तरी काही जण शेवटच्या पट्टीवरून स्कीने आले. तपकिरी डागाळलेला बर्फ पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो आणि आधी खचतो. दगड अशा डागांच्या कडेलाच लपलेले असतात.

दगडाने बेसवर पडलेली उथळ खाच पी-टेक्सच्या (बेसच्याच जातीच्या प्लास्टिकच्या) कांडीने भरता येते. खाच आधी स्पिरिटने पुसायची, सैल धागे ब्लेडने कापायचे, कांडी पेटवून ज्योत निळसर, छोटी ठेवायची आणि धातूच्या पट्टीजवळ धरायची. ज्योत मोठी झाली तर काजळी खाचेत उतरते आणि भराव धरत नाही. थोडं जास्तच भरून गार झाल्यावर धारदार पट्टीने बेसच्या पातळीला आणायचं. खाचेतून आतलं लाकूड किंवा काचतंतूचा थर दिसत असेल, किंवा खाच कडेला लागून असेल, तर कांडीचा भराव टिकत नाही. तिथे कारागिराकडून नवा तुकडा बसवून घ्यावा लागतो. तोवर ती स्की ओल्या बर्फात न्यायची नाही, कारण आत शिरलेलं पाणी लाकूड फुगवतं.